डावी क्रँक

भंगारवाल्यानं सायकल काट्याला टांगली आणि काटा इतका कमी सरकला, की तो स्वतःच ओशाळला.

"पोकळ दिसतेय," तो म्हणाला. "ताई, ती कोपऱ्यातली घ्या की. दणकट आहे, हिच्या दुप्पट भरेल."

"मला हीच हवी."

"हिच्यात आहे काय? ना मडगार्ड, ना कॅरिअर, ना स्टँड. हँडल बघा, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलंय. कुणीतरी शर्यतीत पळवून पळवून पार दैना केलीय हिची."

ताई, म्हणजे घरातली थोरली, पिशवीतून पैसे काढायला लागली. भंगारवाला लोखंड वजनावर विकायचा, आणि शर्यतीची सायकल हलकी असते म्हणूनच भाव खाते, हे त्याच्या गावीही नव्हतं. रस्त्यावरच्या सायकली बघण्यात जिचा जन्म गेला, तिला ते चांगलं ठाऊक होतं. हलकी म्हणून ती स्वस्तात सुटली. थोरलीनं वजनाचा दाम दिला आणि तो बोलायचा थांबायच्या आत सायकल ढकलत बाहेर पडली.

उजवा बूट टक, डावा बूट धप, अशी ती घराकडे निघाली. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड होता. तेवढी उंची अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, डाव्या बुटाच्या तळव्यात बांधली होती. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं बुटांचं दुकान. अण्णा तळवे ठोकायचे आणि थोरली त्यांच्यासमोर बसून वरचं चामडं शिवायची. ती उभी राहायला लागल्यापासून आज अडतीस वर्षं अण्णा दरसाल तिच्यासाठी एक बूट करायचे आणि मग दुसरा बूट करायचे. एकसारखा जोड त्यांनी तिला कधी केलाच नव्हता.

सायकल दारात दिसली तशी अण्णांची आरी चामड्यातच थांबली.

"हे कुणाला?"

"मला."

आतून धाकटा भाऊ चहाचा कप हातात घेऊनच आला. "ताई, अगं स्कूटर येतेय ना तुझी? पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी. बाजूला आधाराची दोन चाकं. बसायचं आणि जायचं. पडायचा प्रश्नच नाही."

"तेच तर. तो प्रश्न माझा मला सोडवायचाय."

धाकट्यानं कपाळावर हात मारला. वाईट नव्हता तो. बहिणीसाठी चार कचेऱ्यांचे उंबरे झिजवून, कागद जमवून त्यानं ती स्कूटर मंजूर करून आणली होती. पण थोरली मनातल्या मनात ओळखून होती. त्या स्कूटरवर ती एकदा बसली, की घरचे तिला पुन्हा कधी दोन चाकांच्या जवळ फिरकू देणार नाहीत. त्या रविवारच्या आत सायकल रस्त्यावर आली तर आली.

सायकल चालवणं तिला नवीन नव्हतं. अकरा वर्षांची असताना धाकट्याच्या छोट्या सायकलवर ती चोरून शिकली होती, आणि वारं प्यालेल्या वासरासारखी सगळी गल्ली उधळून यायची. मग घरात मोठी सायकल आली आणि तिचा डावा पाय पॅडलच्या खालच्या टोकाला पोचेना. जाड तळव्याचा बूट घातला तर पोचायचा, पण वर येताना गुडघा पोटात रुतायचा आणि लाकडासारखा तो तळवा पॅडलवरून सटकायचा. दोनदा पडली. तिसऱ्यांदा अण्णांनी सायकलच विकून टाकली.

छोट्या सायकलवर तेव्हा जमलं कसं, हे कोडं तिनं सत्तावीस वर्षं मनात घोळवलं होतं, आणि ते तिला एका दुपारी सुटलं ते बूट शिवता शिवता. छोट्या सायकलची क्रँक छोटी. पॅडल ज्याला लावतात तो लोखंडी दांडा म्हणजे क्रँक. दांडा आखूड, म्हणून फेरा लहान. खाली गेला तरी पाय पोचतो आणि वर आला तरी गुडघा मावतो. मग उजव्या पायाला मोठी क्रँक ठेवावी आणि डाव्या पायाला तेवढी छोटी बसवावी! चेन असते उजव्या अंगाला. डावं अंग मोकळंच.

आधी तिनं सायकल उघडली. चेन रॉकेलमध्ये भिजत घातली. चाकांतले छर्रे एका वाटीत काढले, धुतले, पुसले, आणि ग्रीसमध्ये एकेक असा ठेवला, जसे डाळिंबाचे दाणे परत सालीत ठेवावेत. गंजाखालून आधी काळं निघालं, मग करडं, आणि मग एके सकाळी दांडीवर हाताएवढा निळा रंग निघाला. त्या निळ्याकडे ती बघतच राहिली. कातड्याची सीट भेगाळली होती. तिनं तिला तेल पाजलं आणि मागून नवं अस्तर शिवलं. मेंढ्याच्या शिंगांना बारीक चामडी पट्टी गुंडाळली, टाके आतल्या बाजूला. अण्णा चष्म्यावरून बघायचे, पण टाक्यांबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. टाके चांगले असले की ते बोलत नसत.

मग ती सायकलवाल्याकडे गेली. रस्त्याच्या वळणावर पत्र्याच्या शेडमध्ये तो बसायचा. वयानं अण्णांच्या बरोबरीचा आणि जिभेनं त्यांच्या दुप्पट.

"लहान मुलाच्या सायकलची डावी क्रँक हवीय," ती म्हणाली.

"आणि उजवी?"

"उजवी आहे ती राहू दे."

सायकलवाल्यानं पाना खाली ठेवला. "बाई, एक मोठी आणि एक छोटी? माझ्या दुकानातून लंगडी सायकल बाहेर पडणार नाही."

"लंगडी बाई आत आलेली चालली ना?"

तो जरा वरमला, पण हटला नाही. "मी हात नाही लावणार. माझं नाव खराब होईल."

"तुमचं नाव माहितेय कुणाला? बोर्डावर नुसतं 'हवा' लिहिलंय."

बाकावर पंक्चरची वाट बघत बसलेला माणूस फिसकन हसला. सायकलवाल्यानं त्याच्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं, मग जुन्या सामानाच्या डब्यात खसाखसा हात घातला आणि एक छोटी क्रँक काढून तिच्यापुढे टाकली. "घे. आणि ही कॉटरपिन. क्रँक घट्ट धरून ठेवणारी पाचर असते ही. ती बसव, नाहीतर बसशील रस्त्यात!"

घरी येऊन तिनं क्रँक बसवली. पाचर जराशी सैल जात होती. थोरली गालात हसली. सैल वस्तू घट्ट कशी बसवायची, हे तिला का कुणी शिकवावं? तिनं रापीनं चामड्याची कागदासारखी पातळ पट्टी सोलली, पाचरीभोवती गुंडाळली आणि वरून हातोडीनं ठोकली. छान बसली. सीटला चामडं लागलं, हँडलला लागलं, आता इथंही लागलं. बूट नाही का, आधी घट्ट असतो आणि मग पायाबरोबर जमवून घेतो!

डाव्या पॅडलवर तिनं बुचाचा आणि रबराचा बोटभर ठोकळा बांधला. राहिलेला फरक तेवढाच होता. मग तिनं अण्णांपुढे विषय काढला.

"अण्णा, मला एक जोड करून द्या. दोन्ही तळवे सारखे."

"सारखे?"

"उंची आता सायकललाच दिलीय मी. बुटाला नको."

अण्णांनी हातातला बूट मांडीवर ठेवला. "अडतीस वर्षं बांधतोय ती उंची. तुझा घोटा दुखू नये, कंबर वाकडी होऊ नये. आणि तू म्हणतेस, काढा?"

"सायकलवर असेपर्यंतच."

"आणि थांबशील कशी? सगळं जग डावीकडून उतरतं. डावा टेकवायला गेलीस की आडवी."

"मी उजवीकडून उतरेन."

"जग डावीकडून उतरतं म्हटलं ना!"

"उतरू दे जगाला."

"माझ्या हातून नाही व्हायचा असला जोड."

"मग माझ्या हातून होईल. तुम्हीच शिकवलंय."

दुपारी अण्णा जरा आडवे झाले, की ती शिवायला बसायची. आठ दुपारींत जोड झाला. उजवा बरा जमला, डावा टाचेशी थोडा आवळला. ते दोन बूट शेजारी शेजारी ठेवून ती लांब जाऊन बघून आली. जुळ्या भावंडांसारखे दिसत होते. असं काही आपल्या पायांसाठीही असतं, हे तिला कधी वाटलंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी तिनं सायकल गल्लीत काढली. उताराला पाय उचलून सोडली, तोल साधला, हात-पाय सगळं ओळखीचं निघालं. मग चढ लागला आणि तिनं डाव्या पायावर सारा भार टाकून दाबलं. पाचरीभोवतीचं चामडं पापडासारखं चिरडलं. क्रँक गर्रकन फिरली, पायाखालून पॅडल गेलं आणि थोरली सायकलसकट रस्त्यावर.

गल्लीची सगळी दारं एकदम उघडली. "अगं बाई!" "मी म्हटलंच होतं!" "उचला रे तिला!"

"कुणी हात लावू नका!" ती खालूनच ओरडली. "मला नीट पडू तरी द्या!"

कोपर सोललं होतं. ती आपली आपण उठली, सायकल उभी केली आणि खरडत दारापर्यंत आणली. अण्णा उंबऱ्यात उभे होते. आता बोलतील, आता ही सायकलही विकतील, म्हणून तिनं हँडल घट्ट धरलं. अण्णा वाकले. पाचरीतून डोकावणारा चामड्याचा चोथा त्यांनी दोन बोटांत धरून बाहेर ओढला, उजेडात धरला.

"हे कुणी घातलं?"

"मी."

"माझी पोर असून?" अण्णांचा आवाज चढला. "चामडं दबतं म्हणून पायाला चालतं. लोखंडात दबून कसं चालेल? लोखंड जमवून घेत नाही. ते एकदा सैल झालं की सैलच होत जातं."

पडल्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांना राग आला होता तो कामाच्या चुकीचा. थोरलीला रडू येणार होतं, ते जागच्या जागी जिरलं. चुकलं तर चुकलं, चूक दुरुस्त करता येते.

सायकलवाला हसून हसून खोकला. "चामडं? अगं, सायकल काय लग्नाला निघालीय बूट घालून?" मग त्यानं एक जाडजूड पाचर आणि कानस दिली. "ही जास्त जाड आहे. चपटी बाजू घास. बसवून बघ. परत घास. ठोकताना खालून लोखंडी टेकू लाव. घाई करशील तर पुन्हा येशील इथं."

"तुम्ही हात नाही ना लावणार?"

"अजिबात नाही."

"बरं झालं."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. कानस पुढे, कानस मागे. जात्याची लय हाताला सापडावी तशी तिला लय सापडली, आणि ओठांवर आपोआप आलं:

*एक पाय माझा थोर, एक पाय माझा सान*
*दोघांच्याही वाट्याला गं, सारखंच मोकळं रान*

घासायची, बसवून बघायची, काढायची, परत घासायची. शनिवारी संध्याकाळी पाचर निम्म्यात जाऊन अशी अडली, की हातानं पुढे जाईना की मागे येईना. खाली टेकू लावून तिनं हातोडीचे चार घाव घातले. चौथ्या घावाचा आवाज वेगळा आला, घट्ट.

रविवारी स्कूटर आली. लाल, चकचकीत, दोन्ही अंगांना आधाराची चाकं. गल्ली गोळा झाली. धाकटा किल्ली बोटात फिरवत हाका मारत होता, "ताई, ये लवकर!"

ताई आली ती सायकल घेऊन. पायात जोड होता. त्या सपाट बुटांत ती नेहमीपेक्षा जास्त लचकत होती, खांदा एका बाजूला बुडत होता. सगळ्यांनी ते बघितलं. तिनंही बघू दिलं.

"ताई, आजचा दिवस तरी…"

"बाजूला हो."

ती उजव्या अंगानं चढली. धाकट्यानं धावत येऊन मागून सीट पकडली.

"हात सोड."

"पडशील!"

"सोड, नाहीतर ब्रेक दाबते, मग दोघंही पडू."

त्यानं सोडली. चढ लागला. तिनं डावा पाय दाबला. आखूड क्रँक आपला छोटा फेरा घेऊन खाली गेली, वर आली. उजवी आपला मोठा फेरा घेऊन गेली, आली. एक लहान घास, एक मोठा घास, तरी चाक मात्र एकच फिरत होतं. चढाच्या टोकाशी सगळ्यांना वाटलं, आता वळेल. ती वळली नाही. मोठ्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

तासाभरानं परत आली तेव्हा गल्ली पांगली होती. ती उजवीकडून उतरली. घामानं निथळत होती, डाव्या टाचेला बूट चावला होता. स्कूटर दारात तशीच उभी. धाकटा पायरीवर.

"मग? हिचं काय करू?"

"जिला हवी असेल तिला दे. रांगेत खूपजणी असतील."

"आणि तू पावसात काय करशील?"

"भिजेन."

"म्हातारपणी?"

"आधी म्हातारी तर होऊ दे."

अण्णा बाहेर आले. ते सरळ डाव्या पॅडलपाशी उकिडवे बसले. बुचाच्या ठोकळ्यावर अंगठा फिरवला, एक डोळा मिटून तिरपं बघितलं.

"हा आतून उतरता हवा. तसा नाहीये म्हणून टाच चावतेय. बूट नाही चुकला, ठोकळा चुकलाय." त्यांनी रापीसाठी आत हात केला. "ठेव इथं. करून देतो."

थोरलीनं उजवा पाय पॅडलवर ठेवला.

"उद्या करा अण्णा. मला अजून एक फेरी मारायचीय."