माझं भोक बुजवू नका

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. आणि चिडलेली आहे, हे आधीच सांगून ठेवते.

वेल्ह्याच्या डोंगरातल्या काळ्या मेंढ्यांची लोकर, सणगराचा माग आणि चिंचोक्याची खळ, असा माझा जन्म. दुसऱ्या महायुद्धात अंबूबाईचा मुलगा भिमा इंग्रजांच्या पलटणीत भरती झाला, तेव्हा तिने मला त्याच्या खांद्यावर टाकलं.

आम्ही पोचलो इटलीत. डोंगर आपल्यासारखेच, पण पाऊस हाडं गोठवणारा. सकाळी चिखलातून उठायचं, मोजे पिळायचे, काळा चहा ढोसायचा आणि खंदक उपसायचा. ज्यांनी घरी भात लावायचा, ती पोरं परक्याच्या शेतात खड्डे खणत होती. कुणाच्या भांडणासाठी, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही! सरकारी कांबळी भिजून लोळागोळा व्हायची. मी पाणी आत येऊ देत नसे. हवालदार मला 'बोचकं' म्हणून हिणवायचा, आणि गारठा वाढला की माझ्यातच पाय खुपसायचा, मेला.

एका संध्याकाळी भिमा पाणी आणायला गेला. परतताना धुकं आणि पाऊस. गावच्या सवयीने त्याने माझी खोळ करून डोक्यावर घेतली. कान झाकले गेले. पहाऱ्यावर नवा शिपाई होता. "हुकुमदार!" तो ओरडला. म्हणजे 'कोण येतंय तिकडे?' याला उत्तर द्यायचं असतं. भिमाला ऐकूच आलं नाही. तो तसाच पुढे गेला. घाबरलेल्या शिपायाने मागून गोळी घातली. भिमा तिथेच संपला, आपल्याच पलटणीच्या बंदुकीने.

चौकशीचं भिजत घोंगडं पडलं. वाक्प्रचारसुद्धा माझ्याच नावाचा! साहेबांनी बजावलं, शत्रूची गोळी म्हणायचं.

लढाई संपल्यावर भिमाचा सोबती, उत्रोलीचा सोनबा, मला घरी घेऊन आला.

"दुश्मनाची गोळी लागली, मावशे," तो खाली बघत म्हणाला.

अंबूबाईने मला उलगडलं. खोळ घेतल्यावर गोळीचं भोक पाठीवर येतं, हे तिला लगेच कळलं. ओसरीवर जमलेल्यांनाही कळलं.

"पळत व्हता वाटतं," कुणीतरी पुटपुटलं.

माझ्या अंगाची आग झाली. भिमा पळपुटा?

"खरं सांग सोनबा," अंबूबाई म्हणाली. "माझा भिमा पळाला का रं?"

सोनबाला रडू फुटलं. "न्हाई मावशे. आमच्यासाठी पानी घिऊन येत व्हता. आपल्याच मानसानं वळखलं न्हाई. सायबानं सांगू नगं म्हटलं व्हतं."

"मग आता समद्यास्नी सांग. मोठ्यांदा सांग."

सोनबाने सांगितलं. ओसरीवरच्या माना खाली गेल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला नेहमी सांगतात. मलाही जपा. ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. पण कुणी सुईदोरा घेऊन आलं, तर त्याचा हात धरा. हे भोक बुजवू नका. साहेबांनी तेच करून पाहिलं होतं.