मॅडमना निरोगी माणूस हवा होता

डिप्रेशनच्या पेशंटच्या मेंदूतली रसायनं स्कॅनमध्ये मोजायची आणि निरोगी माणसांशी ताडून बघायची, असा डॉक्टर मॅडमचा अभ्यास चालला होता. माझे धाकटे दीर संघर्षभाऊजी त्यांचे पेशंट. त्यांचा स्कॅन झाला होता. पण निरोगी माणसं मिळेनात. भाऊजींनी थोरल्या भावाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव सुचवलं.

आमचे सावळीराम म्हणजे काय विचारता! सातपूरच्या कारखान्यात फिटर, कधी खाडा नाही. भाऊजी अंथरुणातून उठेनात, तेव्हा "घाम गाळ, पळेल तुझं डिप्रेशन" हे यांचं औषध. मला राग यायचा. पण घरात एक तरी धडधाकट आहे, म्हणून गप्प बसायची.

स्कॅनआधी प्रश्न असतात. मॅडम म्हणाल्या, एकटेच बसा. पण यांनी ऐटीत मला आणि भाऊजींना शेजारी बसवून घेतलं.

डोळ्यात कधी लोखंडाचा कण?

"ग्राइंडिंगवर असताना गेला होता. काढला." स्कॅनच्या यंत्रात मोठं चुंबक असतं, म्हणजे आधी डोळ्यांचा एक्स-रे.

झोप?

"पहाटेच उडते. पाळीवाल्यांचं असंच असतं."

भूक?

"डबा परत येतो. पाळीच तशी."

मनापासून कधी हसलात? यावर हे चिडले. "कामावर काय हसायला जातो का, मॅडम?"

"मरून जावं असं वाटतं कधी?"

"ते तर वाटतंच की. रोज घरी येताना. सगळ्यांनाच वाटतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सगळ्यांना नाही वाटत, सावळीराम."

हे माझ्याकडे वळले. "तुला नाही वाटत?"

"नाही हो," मी म्हणाले.

ज्या भाऊजींना आम्ही हाताला धरून जेवायला बसवायचो, ते उठून यांच्यासमोर उकिडवे बसले. "दादा, मलाही असंच वाटायचं. आता नाही वाटत. औषधानं जातं ते. मी आहे ना."

स्कॅन राहिलाच. मॅडमनी अभ्यास बाजूला ठेवून त्याच दिवशी यांचे उपचार सुरू केले. तेव्हापासून पाळी सुटायच्या वेळी भाऊजी मोटरसायकल घेऊन कारखान्याच्या गेटवर उभे असतात. त्यांचे आभार कोणत्या तोंडानं मानू? ते आजारी पडले नसते, तर मला कळलंच नसतं.

परवा दोघं आले. हे चपला काढता काढता म्हणाले, "रूपाली, आज येताना नुसती भूक लागली होती गं."