आल्यागेल्याला पाणी

"बघ ना, आजी कसली चिल आहे," म्हणत ऋतिकाने मोबाईल पुढच्या बाकावर सरकवला. तिथून तो खिडकीपाशी गेला, खिडकीपासून मनीषकडे आला, आणि मनीषच्या खांद्यावरून पल्लवीला दिसली ती तिची स्वतःची आई.

पत्र्याच्या पडवीत तानूबाई किटली घेऊन उभी होती. पदराचं टोक दातांत धरून हसत होती. मागे अंगणाच्या कडेला मेंढरं आडवी पडलेली, पाय ताठ. वर पिवळ्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'अर्धा कळप मेला, तरी आजी हसतेय!' आणि शेजारी डोळे फाडलेला एक गोल चेहरा.

आजी. पल्लवीची आई अजून पन्नाशीलाही टेकली नव्हती. रानात उभ्याने दिवस काढणारं माणूस लवकर आजी होतं, एवढंच.

पत्रकारितेच्या वर्गात सकाळचा पहिला तास असाच जायचा. काल काय वाचलं, काय बघितलं, ते एकेकाने सांगायचं आणि उषा मॅडमनी त्याची साल काढायची. आज व्हिडिओची पाळी होती.

"मॅडम, मला ही फेकाफेकी वाटते," मनीष म्हणाला. "खालच्या कॉमेंट वाचा. रोगाने मेलेली मेंढरं ओढ्यावर नेऊन टाकतात आणि भरपाई मागतात, असं एकाने लिहिलंय."

"एकाने म्हणजे कुणी?"

"नाव नाही मॅडम. वाघाचा फोटो आहे."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. पल्लवी उभी राहिली.

"ती माझी आई आहे."

ऋतिकाने मोबाईल ओढून घेतला, पालथा ठेवला. "सॉरी यार पल्लवी, मला खरंच…"

मनीष काही वाईट पोरगा नव्हता. त्याने खाली मान घातली आणि मग, खरंच कळत नाही म्हणून विचारावं तसं विचारलं, "पण मग त्या हसत का होत्या?"

उत्तर पल्लवीच्या जिभेवर होतं. पण ते या भिंतींच्या आत उच्चारलं असतं तर तेही खोटंच वाटलं असतं. दारात माणूस आलं होतं म्हणून. बास, एवढंच. दारात माणूस आलं होतं.

*

तानूबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा घर असं नव्हतंच. आज या शेतात मेंढरं बसायची, उद्या त्या शेतात. जिथे कळप बसेल तिथे तीन दगड मांडायचे, की झालं घर. सासूने, धोंडाबाईने, पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "आल्यागेल्याला पाणी दिल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई. मग त्यो राजा असू दे न्हाईतर चोर." तानूबाईने ते जन्मभर पाळलं. शेताच्या मालकाला पाणी, वाट चुकलेल्याला पाणी, मागोमाग चहा. एकदा मेंढरं राखीव रानात गेली म्हणून गार्ड आला. त्यालाही बसायला घोंगडं दिलं, गूळ घालून चहा दिला. त्याने तो फुंकून फुंकून प्यायला आणि मग दंडाची पावती फाडली. आबा, म्हणजे पल्लवीचा बाप बिरू, त्यावर इतकंच म्हणाला होता, "चा ग्वाड लागला वाटतं सायबाला."

मेंढरं मेली त्या दिवशी सकाळी आबा कळप घेऊन ओढ्यावर गेला होता. कोळवणच्या खोऱ्यात आता ओढ्याच्या दोन्ही अंगांना फार्महाउसांची कुंपणं आहेत, पाण्यावर उतरायला एकच वाट राहिलीय. वरच्या अंगाला, नव्या प्लॉटिंगच्या भिंतीलगत एक टँकर उभा होता आणि त्याचा पाइप ओढ्यात सोडलेला होता. पाण्याला फेस येत होता. आबाने हाळी दिली, पुढे झालेली मेंढरं मागे फिरवायला धावला. तहानलेलं मेंढरू कुणाचं ऐकतं. टँकर निघून गेला. नंबरपाटीवर चिखल थापलेला होता. दुपारपर्यंत अर्धा कळप अंगणात आडवा होता.

जनावरांच्या डॉक्टरांनी मेंढरं तपासली, नमुने घेतले आणि म्हणाले, "पाणीही तपासायला हवं. पण ते माझ्या हातात नाही." पल्लवीने त्याच दिवशी कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओढ्याचं पाणी भरून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तालुक्याच्या कचेरीत साहेबांनी ती बाटली हातात धरून उजेडात फिरवून बघितली आणि परत दिली. पंचांसमक्ष भरलेली नाही, म्हणाले. नमुने घ्यायला माणूस पाठवू म्हणाले, दिवस सांगितला नाही. ओढा काही साहेबांसाठी थांबणार नव्हता. तासातासाला पाणी वाहून जात होतं, आणि त्याबरोबर आबाचा शब्द.

म्हणून तर त्याच दुपारी, मोबाईलवर बातम्यांचं च्यानल चालवणारा कैलास माइक घेऊन आला तेव्हा पल्लवीला बरं वाटलं होतं. बातमी आली की साहेब हलतो, हे ती पुस्तकात शिकलेली होती.

गाडीचा आवाज आला तेव्हा तानूबाई एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने डोकं अलगद खाली ठेवलं. तोंडावरून पाण्याचा हात फिरवला, पदर सारखा केला, चूल पेटवली. "या, बसा. चा घ्या," म्हणाली आणि हसली. ते हसू आनंदाचं नव्हतं. पाहुण्यापुढे अंथरायचं घोंगडं होतं ते. मग कैलासने विचारल्यावर तिने सगळं सांगितलं, टँकरचं, फेसाचं, आबाच्या हाळीचं. सांगता सांगता तिचा आवाज फाटला.

कैलासने व्हिडिओत हसू ठेवलं.

*

पौडला जाणाऱ्या एसटीत पल्लवीला खिडकी मिळाली. तिने पेपर उघडला आणि नेहमीसारखा खालून वर वाचायला घेतला.

ही तिची खोड होती. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, असं मॅडमनी पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तेव्हापासून पल्लवी आधी शेवटची ओळ बघायची. तिला दिसायला लागलं होतं की मंत्री वरती असतो, अधिकारी मध्ये असतो आणि ज्याचं काही गेलंय ते माणूस अगदी तळाला असतं, कात्रीच्या तोंडाशी. आता तिला बातमी वाचताना राग यायचा तो मजकुराचा नसायचा. कोण कुठे बसवलंय, त्याचा असायचा. लग्नाच्या पंगतीत आपल्या माणसाला उकिरड्याच्या बाजूला पान वाढलेलं दिसावं, तसा.

मोबाईलवर सकाळी बघितलेल्या आवृत्तीत मथळा होता, 'मेंढ्यांच्या मृत्यूबाबत साशंकता'. प्लॉटिंग प्रकल्पाच्या व्यवस्थापनाने आरोप फेटाळले होते, अधिकाऱ्यांनी चौकशी करू म्हटलं होतं, आणि अगदी खाली एक ओळ होती, 'टँकरमधून रसायन सोडल्याचे मेंढपाळ कुटुंबाचे म्हणणे आहे.' हातातल्या कागदावर ती ओळ नव्हती. ती जिथे असायला हवी होती तिथे हिरवीगार चौकट होती. एक बाई, एक बाप्या, एक गोरं बाळ, मागे डोंगर. 'निसर्गाच्या कुशीत तुमचा हक्काचा प्लॉट.'

शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालं गं? कोन गेलं का?"

"न्हाई मावशी."

"मग रडतीस का?"

"रडत न्हाई. राग आलाय."

"आसं व्हय," बाई म्हणाली आणि तिने पिशवीतली दोन चिक्कू काढून पल्लवीच्या मांडीवर ठेवली.

*

कैलासचं दुकान पौडच्या नाक्यावर. पुढे फ्लेक्स, मागे च्यानल. तो जमिनीवर उकिडवा बसून एका फ्लेक्सला भोकं पाडत होता.

"कैलासदादा, त्यो व्हिडिओ काढ आधी."

"काय काढू? लई चाललाय त्यो. बस की."

"माझी आई हाय ती."

"म्हाईत हाय की. तिच्या हातचा चा प्यालोय मी."

"चा पिऊन हे केलंस."

कैलासने पंच खाली ठेवला. "हे बघ पल्ले, कालिजात जातीस म्हून मला शिकवू नगंस. काकी टँकरचं बोलली ते बी टाकलंय मी. दुसऱ्या भागात. बघितलाय कुनी? तुझ्या वर्गात तरी बघितलाय?"

पल्लवीने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"न्हाई ना. लोकं हसल्यावर थांबत्यात, न्हाईतर रडल्यावर थांबत्यात. मधी कोन थांबत न्हाई. मी काय करू?"

"तू मथळा तरी खरा लिव्ह."

"खरा लिव्हलाय. हसत नव्हती व्हय काकी?"

त्याच्या पायाशी अर्धवट उलगडलेल्या फ्लेक्सवर गोरं बाळ दिसत होतं, मागे डोंगर. पल्लवीने बघितलं, आणि तिने बघितल्याचं कैलासने बघितलं. तो पायाने फ्लेक्स गुंडाळत हळू आवाजात म्हणाला, "पोट हाय बाबा. पन ऐक, उद्या पुन्याच्या मोठ्या च्यानलचा मानूस येतोय. मीच बोलवलाय त्याला. काकीला म्हणावं, चा-बिय करू नगं. रडू दे जरा. साहेब परवा सकाळी बाटल्या घिऊन ओढ्यात हुबा ऱ्हाईल, बघ."

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. जास्त राग याचा आला की तो बरोबर बोलत होता.

*

घरी आबा मेलेल्या मेंढ्यांची कोकरं एका शेळीला लावत होता. शेळी लाथा झाडत होती. तो तिला शिव्या देत होता, पण लाडाने. तानूबाई तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं नाही.

"बाजारात गेल्ते. पोरं म्हंत्यात, आजी, आमाला बी चा पाजा."

"आई…"

"एक बाई म्हंती, हिनंच कायतरी घातलं आसंल पान्यात. म्या घालीन व्हय गं?" तिची बोटं तांदळात थांबली. "त्यातली निम्मी माझ्या पदराखाली वाडली. थंडीची कुशीत घिऊन निजलेय मी त्यास्नी. तुला न्हवतं येवडं घेतलं."

पल्लवी तिच्याजवळ बसली. उद्याच्या माणसाचं तिने सांगितलं. कैलासने जे सांगितलं होतं ते सांगितलं नाही.

तानूबाईने दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "कसं बसू त्याच्याम्होरं?"

"तू जशी बसतीस तशी बस."

"तशीच बसले हुते न्हवं. खोटी ठरले." तिने ताट बाजूला ठेवलं. "तू शिकतीस न्हवं हेच? मग सांग की. खरं मानूस कसं दिसतं त्यास्नी?"

बातमीतल्या माणसाला असं कर, तसं कर सांगायचं नसतं, हे वर्गात पक्कं शिकवलेलं होतं. पल्लवी काहीच बोलली नाही. आपण नियम पाळला, असं तिला वाटलं. आबाने शेळीचा कान सोडला आणि दोघींकडे एकदा बघून तो कोकरं घेऊन आत गेला.

*

दुसऱ्या दिवशी भर उन्हात पुण्याच्या च्यानलचा निषाद आला. गाडी वर येईना म्हणून रस्त्याकडून चढण चढून, कॅमेरेवाल्याला मागे घेऊन. पल्लवीहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. शर्ट पाठीला चिकटलेला.

तानूबाई उंबऱ्यावर बसली होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला. 'या' म्हणाली नाही. घोंगडं दांडीवर तसंच होतं. चूल विझवून वर राख सारलेली होती, आणि किटली धुऊन, पालथी घालून, दिसणार नाही अशी कोनाड्यात ठेवलेली. पल्लवीने ती किटली बघितली. हे आईला कुणी सांगितलं नव्हतं. हे ती रात्रीतून एकटी शिकली होती.

"मावशी, काय झालं ते सांगाल?"

तानूबाईने सांगितलं. तेच सगळं, त्याच क्रमाने, एकही शब्द खोटा नाही. फक्त आवाज फाटायच्या आधी तिने एकदा कॅमेऱ्याकडे बघून घेतलं. मग ती रडली, आणि थांबा म्हणेपर्यंत रडत राहिली. आबा गोठ्याच्या मेढीला टेकून उभा होता. तो आत निघून गेला.

"मस्त," निषाद म्हणाला आणि लगेच ओशाळला. "म्हणजे, नीट सांगितलंत. आज संध्याकाळीच लागेल हे. साहेबांना मी आत्ता फोन लावतो, उद्या पाण्याचे नमुने घेतात की नाही बघतो."

कॅमेरेवाला तिपाई मिटत होता. हवं होतं ते मिळालं होतं. ओढ्यावर माणूस येणार होता. पल्लवीने आनंद शोधून बघितला. हाताला राखच लागली.

निषादने बाहीने मान पुसली. ओठ कोरडे पडले होते त्याचे. "मावशी," तो संकोचत म्हणाला, "थोडं पाणी मिळेल?"

तानूबाईचा हात सवयीने माठाकडे गेला. तांब्या भरला. काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन ती वळली आणि तिथेच थांबली. तिने मिटलेल्या कॅमेऱ्याकडे बघितलं. मग लेकीकडे.

"पल्ले," तिने हळूच विचारलं, परक्याच्या घरात विचारावं तसं, "दिऊ का?"