सव्वानऊचा फोटो

फोटो काढण्याआधी भावनानं सवयीनं फळ्याच्या कोपऱ्याकडे हात नेला, आणि तो तिथंच थबकला. लाल चिठ्ठी आज नव्हतीच.

नांदगाव पेठेच्या त्या कापड कारखान्यात पुण्याच्या हेड ऑफिसनं 'अजाइल' नावाची कामाची नवी पद्धत आणल्याला तीन महिने झाले होते. रोज सव्वानऊला सगळ्यांनी फळ्यापुढं उभं राहायचं. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, ते सांगायचं. अडचण असली की लाल चिठ्ठी. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना फळ्याचा फोटो पोचला की काम फत्ते. ज्या खात्याच्या फोटोत महिनाभर लाल दिसणार नाही, तिथली सुपरवायझर अकोल्याच्या नव्या युनिटला हेच शिकवायला जाणार होती, कायमची.

इथली सुपरवायझर भावना, तिचं घर अकोल्यात. पहाटे पाचची बस, रात्री नऊला परत. सहा वर्षांच्या या येरझाऱ्यांनी ती पार पिचून गेली होती; दहावीतली लेक दीक्षा तिला झोपलेलीच जास्त दिसायची. म्हणून फिटर खुशालराव रोज लावत ती एकच चिठ्ठी, 'चार नंबर रोलरची सेफ्टी जाळी तुटली', भावना फोटोआधी काढून पर्समध्ये टाकायची. फोटो झाला की परत लावू, असं पहिल्या दिवशी ठरवलं होतं. ते राहूनच गेलं. आज महिन्याचा शेवटचा फोटो होता. बसमध्ये रोज रुमाल टाकून जागा धरणाऱ्या बेबीताईला तिनं सकाळीच सांगून टाकलं होतं, सोमवारपासून माही जागा धरू नका.

"अडचण?" तिनं खुशालरावांना विचारलं.

"काई नाई, ताई."

चार नंबरवरची शालू मागं उभी होती. तिच्या ओढणीच्या टोकाच्या चिंध्या झाल्या होत्या.

"हे काय झालं?"

"काल रोलरनं ओढली. गाठ सुटली म्हणून वाचली मी."

"मंग सांगितलं काहून नाही? खुशालभाऊ, तुमी आज चिठ्ठीबी नाही लावली?"

खुशालराव जमिनीकडे बघत म्हणाले, "तुमाले घरी जायाचं हाये, ताई. मले दिसते ना. म्हटलं, आज तरी तुमाले काढाची पाळी नको."

भावनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागावले असते तर तिनं उत्तर तरी दिलं असतं.

"शालू, चार नंबर बंद कर. जाळी बसल्याशिवाय चालवायचं नाही."

तिनं पर्स उघडली. महिनाभराच्या चिठ्ठ्या चुरगळून तळाशी बसल्या होत्या. फळ्यावर लावल्या तर गोंद सुकलेला, एकेक खाली पडायला लागली. खुशालरावांनी खिशातून काळी टेप काढली, दातानं तुकडा तोडला आणि तिच्या हातात दिला. मग दुसरा. 

अर्धा फळा लाल झाल्यावर तिनं फोटो काढून पुण्याला पाठवला. मग बेबीताईला फोन लावला.

"सोमवारी रुमाल टाकजा," ती म्हणाली.