जपानला पाठवायची चूक

...आणि बरोबर मधोमध, सगळ्या पिवळ्या-केशरी रेशमाच्या शेतात, तळहाताएवढी रिकामी जागा, नुसतं विटकरी खद्दर, त्यावर एक टाका नाही. प्रभावतीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, परत नाकावर आणला, ती फुलकारी, ती रेशमाने भरलेली पंजाबी ओढणी, खिडकीशी धरली, मांडीवर घेतली... जागा होती तिथेच. कडेचे टाके फाटक्या बाहीसारखे वेडेवाकडे थांबलेले, एक इकडे, एक तिकडे, जणू कुणीतरी दारातून हाक मारली आणि भरणारी सुई तशीच टाकून उठली.

तसंच झालं होतं म्हणा. हाकच आली होती.

पण ते आत्ता नको. आत्ता टेबलावर दोन फायली होत्या, एक मुंबईची, एक दिल्लीची, आणि चार वाजता सेक्टर सतरामधल्या निर्यात कार्यालयातून सेठीसाहेबांचा फोन येणार होता. ओसाकाच्या जत्रेत एक गाळा मिळाला होता, चंदिगडहून एकच, आणि अट अशी की जपानी गिऱ्हाइकापर्यंत माल नेणारी जाहिरात एजन्सी आपणच ठरवायची आणि तिचं नाव आजच्या आज फॉर्मवर लिहून द्यायचं. नाव नाही दिलं तर गाळा लुधियानाच्या स्वेटरवाल्यांना जाईल. मग डेराबस्सीच्या पलीकडच्या दोन गावांतल्या सतरा बायका, ज्या तीन वर्षं ह्या दिवाणखान्यात येऊन कापड-रेशीम घेऊन जातात, त्या रिकाम्या हातांनी घरी बसतील. एवढी सोपी गोष्ट, प्रभावतीबाई स्वतःशीच म्हणाल्या. एक नाव. आणि माझ्यासारखी बाई, जिने आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवण्याशिवाय काही केलं नाही, तिला सकाळपासून एक नाव सुचत नाही.

मुंबईचे श्रीराम कर्णिक मराठीत पत्र लिहायचे, 'आदरणीय प्रभावतीताई' वगैरे, पण आत मजकूर असा की दवाखान्याचा वास यावा. जपानी बाई टॉवेलसुद्धा भिंगातून बघते, ताई. एक टाका वेगळ्या रंगाचा दिसला की सगळा माल परत. तेव्हा ती तुमची नजर-बुटी आधी बंद करा. नजर-बुटी म्हणजे — प्रत्येक फुलकारीत ह्या बायका एक फूल मुद्दाम चुकवतात. पिवळ्या ओळीत एकच काळं, नाहीतर जांभळं, कुठेतरी कोपऱ्यात, म्हणजे इतक्या देखण्या कामाला दृष्ट लागू नये. आपण नाही का बाळाच्या गालावर तीट लावत. कर्णिकांना ती तीट पुसून हवी होती. हातचं काम, पण यंत्रासारखं. त्यांनी त्या वाक्याखाली दोनदा रेघ मारली होती.

आणि दिल्लीची मिस बत्रा. ती तर तीट बघून नाचायलाच लागली होती. तीन महिन्यांपूर्वी ती ह्याच सोफ्यावर बसली, केस पोरासारखे कापलेले, हातात वही, आणि म्हणाली, जपानी माणसाला अपुरेपणा समजतो, मॅडम. त्यांच्याकडे फुटका प्यालासुद्धा जपून ठेवतात. आपण माल नाही विकायचा, आपण गोष्ट विकायची. गोष्ट! माझ्यासमोर हा शब्द उच्चारायचा म्हणजे मांजरासमोर दुधाचं भांडं उघडं ठेवायचं. आणि मग तिचं बोट त्या रिकाम्या जागेवर आलं — "और ये क्या है?"

हरबंस कौर, त्या सतराजणींतली एक, तिथेच खाली बसून रेशमाच्या लडी सोडवत होती. फुलकारी तिचीच. बत्राने तिच्याकडे बघितलंही नाही, गोष्ट विचारायची ती मालकिणीला. आणि मी... मी काय सांगणार होते? चहाची किटली मध्ये, बिस्किटं मध्ये, आणि सांगू की हिचा मुलगा मलकीत, वीस वर्षांचा, डेराबस्सीला औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होता. एका दुपारी त्याला बसमधून उतरवला. ज्यांनी उतरवला त्यांच्या अंगावर वर्दी होती, पण वर्दी हल्ली दोन्हीकडचे घालतात, पोलीसही आणि अतिरेकीही. आणि ही दारात बसून हे फूल भरत असताना कंडक्टर सायकलवरून सांगायला आला? मलकीत परत आला नाही, ना जिवंत ना... आणि हिने पुढे सगळी फुलकारी पुरी केली, महिन्याभराने, पण ती जागा सोडून.

तोंड उघडलं आणि एका दमात निघालं. "अजी, ये चाँद की जगह है. ह्यांच्या गावात पौर्णिमेला आजी नातीची फुलकारी भरायला घेते, तेव्हा एवढी जागा सोडते. चंद्र दमतो ना इतकं चालून. जी ही फुलकारी पांघरेल तिच्या खांद्यावर तो टेकतो. म्हणून बघा, इकडच्या नवऱ्या मुली एका खांद्याने किंचित वाकून चालतात."

एका खांद्याने वाकून! हे तर मलाही नवीन होतं. बत्राची पेन्सिल वहीवर धावत होती. हरबंसचे हात लडीत थांबले होते, मग परत चालू झाले. हिंदी तिला माझ्याइतकीच कळते. ती हसली, जरा, ओठांच्या एका बाजूने.

आणि महिन्यापूर्वी तिची फाईल आली होती. वरच्या पानावर जपानी अक्षरं, उभी, मुंग्यांच्या रांगेसारखी, खाली इंग्रजीत 'चंद्राची जागा', आणि आत लिहिलं होतं की पहिल्या खेपेला चाळीस नग पाहिजेत, प्रत्येकात अशीच जागा, शक्यतो उजव्या खांद्यावर येईल अशी. नमुन्याला एक लगेच. तेवढा निरोप हरबंसला गेला होता.

दोघांचं एकाच बाबतीत एकमत होतं. कर्णिकांनी लिहिलं होतं, लेबलवर पंजाब नको, हिमालय टाका. बत्रानेही लिहिलं होतं, पंजाब नको, ओसाकात लोक पेपर वाचतात.

"आई, खाना खा लो. ती कागदं काय उगवणार आहेत का बघून बघून?" सुमेधा आतून म्हणाली. मुलगी. चौतीस वर्षांची, युनिव्हर्सिटीत रसायन शिकवते, लग्न केलं नाही, आईशी निम्मं हिंदीत बोलते आणि रागावली की पूर्ण.

"तू सांग ना, कोणाला देऊ?"

"मुझसे क्यों पूछ रही हो? गोष्ट तुझी आहे." ताटलीचा आवाज. "चाँद वाली सुना दी, तो श्रीखंड वाली भी सुना देतीं. जपानी लोकांना तीही आवडली असती."

प्रभावतीबाईंनी चष्मा काढला. खिडकीबाहेर, चौकात, वाळूच्या पोत्यांमागे शिपाई संत्रं सोलत होता. इतकी पोती आता ह्या शहरात की नवीन माणसाला वाटावं, इथे वाळूच पिकते...

श्रीखंडाची गोष्ट. एकसष्टचा डिसेंबर, इथल्या धावपट्टीवरून लेहला सामान घेऊन गेलेलं विमान, आणि त्यात शांताराम. संध्याकाळी येणार होते, वांग्याचं भरीत सांगून गेले होते. संध्याकाळ झाली, पाच वर्षांची सुमेधा फाटकाला लटकून उभी, आणि युनिटची जीप येऊन गेलेली. मी आत आले, भरीत झाकून ठेवलं, बाहेर जाऊन म्हटलं — अगं, बाबांचं विमान ना, एका ढगात रुतलंय. असा घट्ट ढग, टांगलेल्या चक्क्यासारखा, चमचा उभा राहील. आता बाबा चमच्याने उकरताहेत. रोज थोडं थोडं. मग रोज संध्याकाळी ती विचारायची, आज किती उकरलं? आणि मी सांगायचे. आज चाकापर्यंत. आज मध्येच वेलची लागली, केवढी, नारळाएवढी, ती फोडायला दिवस गेला. सात वर्षं सांगितलं. मिरजेहून भाऊ न्यायला आला तर त्याला म्हटलं, इथेच बरं आहे, आलेच तर घर सापडलं पाहिजे. भाऊ दुसऱ्या दिवशीच्या गाडीने एकटाच परत गेला. मला तेव्हा खरंच वाटलं, मी हे पोरीसाठी बोलतेय.

बारा वर्षांची झाल्यावर पोरीने विचारणं सोडलं. मीही सांगणं सोडलं. मोठी झाली बिचारी, असं वाटलं. एवढंच.

बेल वाजली. हरबंस. ओढणीत गुंडाळलेलं गाठोडं, कपाळावर घाम. नाक्यावर बस पाऊण तास अडवली होती, सगळ्यांना उतरवून पिशव्या बघितल्या. अडीच वाजत आले होते. शेवटची बस अंधाराच्या आधी जाते, तीही जाईल की नाही ते ड्रायव्हरच्या मनावर.

"बीजी, सत श्री अकाल. देखो ज़रा." तिने जमिनीवर नवी फुलकारी पसरली.

पिवळी-केशरी. तोच नमुना, तेच रेशीम. आणि खांद्याच्या ठिकाणी, तळहाताएवढी, रिकामी जागा. गोल. इतकी गोल की प्रभावतीबाईंनी तिच्या कडेवरून बोट फिरवून बघितलं.

"ये... ये कैसे किया?"

"कटोरी रखके." हरबंसने हाताने करून दाखवलं, वाटी पालथी ठेवली, कोळशाने रेघ ओढली, रेघेबाहेर भरलं. "पहला टेढ़ा हो गया था, उधेड़ दिया. अब ठीक है? जैसा जापान वालों को चाहिए?"

तिने विचारलं ते असं, जसं शिंप्याने विचारावं, बाही ठीक आहे ना.

प्रभावतीबाईंनी दोन्ही कापडं उलटी केली. फुलकारी उलट्या बाजूने भरतात — भरणारीला सगळा वेळ मागची बाजूच दिसते, पुढे काय फुललंय ते ती धागे मोजून ओळखते. नव्याच्या मागे सगळं स्वच्छ, गाठी पक्क्या, धागे कापलेले. जुन्याच्या मागे चार धागे लोंबत होते, गाठ न मारलेले, मळके, एक दाताने तोडायला घेऊन अर्धवट सोडलेला.

"हरबंस," त्या म्हणाल्या, "उस दिन मैंने झूठ बोला. तुम्हारे सामने. मुझे माफ..."

"छड्डो बीजी." सोडा हो. "अच्छी कहानी थी. मैंने छोटी को भी सुनाई." छोटी म्हणजे तिची नऊ वर्षांची मुलगी; मलकीत तिचा वीर, म्हणजे भाऊ. "रोज़ पूछती थी, वीरे वाली जगह कब भरोगी. मैंने कहा, नहीं भरनी, वहाँ चाँद बैठेगा. मान गई." मग तिने नव्या कापडाची घडी घालायला घेतली, आणि घडी घालता घालता, वर न बघता, म्हणाली, "कितने बनाने हैं? चालीस? मैं बीस कर लूँगी. काम चाहिए, बीजी. हाथ खाली हों तो आँख दरवाज़े पे जाती है."

ती गेली. बस चुकू नये म्हणून पाणीही उभ्यानेच प्यायली. नवी फुलकारी टेबलावर, बत्राच्या फायलीवर. जुनी मांडीवर.

तर असं होतं. कर्णिकांना दिलं तर ती जागा भरून टाकायची, तीटसुद्धा पुसायची, आणि मलकीत नावाचा कोणी बसमध्ये चढलाच नव्हता. बत्राला दिलं तर चाळीस वेळा वाटी पालथी ठेवून ती जागा कापायची, आणि ओसाकाची कोणी बाई उजवा खांदा वाकवून आरशात बघेल. आणि कोणालाच दिलं नाही तर सतरा बायका दाराकडे बघत बसतील. ह्यात बरं कुठलं आहे? माणसाला निदान वाईटातलं कमी वाईट तरी दिसावं... पण मला तिन्ही बाजूंनी ती एकच गोष्ट दिसतेय, किटलीच्या शेजारी बसून मीच सांगितलेली, आणि आता ती डेराबस्सीच्या पलीकडे एका नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडात गेलीय. ती आता रोज आकाशात बघणार.

"मान नहीं गई होगी," सुमेधा म्हणाली.

ती केव्हाची दारात उभी होती कोण जाणे. हातात पुसायचं फडकं.

"काय?"

"वो छोटी. मानली नसणार. मैं भी नहीं मानी थी." ती फडक्याची घडी करत होती, उलगडत होती. "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, आई. शेजारच्या आंटी रडत होत्या ना फाटकाशी."

"मग रोज विचारायचीस ते? किती उकरलं म्हणून? सात वर्षं?"

"तू सांगायला लागलीस की जेवायचीस," सुमेधा म्हणाली, पूर्ण मराठीत. "नाही विचारलं त्या दिवशी जेवली नव्हतीस. म्हणून विचारायचे."

ती आत गेली. नळ सुरू झाला. आत एकेक भांडं विसळून पालथं पडत होतं.

म्हणजे सात वर्षं... चमचा तिच्या हातात होता. पाच वर्षांच्या पोरीच्या. आणि मी वेलची फोडत बसले होते.

फोन वाजला. चारला पाच कमी. सेठीसाहेब नेहमी घाईत, त्यांनाही अंधाराच्या आत पिंजौर गाठायचं असतं.

"मैडम जी, नमस्ते, बस नाम बताइए, मैं लिख रहा हूँ. कौन सी एजेंसी?"

"हाँ जी," प्रभावतीबाई म्हणाल्या.

एरवी सेठीलाही त्यांनी दोन गोष्टी ऐकवल्या असत्या, एजन्सीचा माणूस स्वप्नात आला होता, किमोनो घालून, पिठलं मागत होता, असलं काहीतरी. जीभ सवयीने टाळूला लागलीसुद्धा. आणि तिथे काही नव्हतं.   हात मांडीवरच्या कापडावर होता, बोटं त्या रिकाम्या जागेवर फिरत होती, खरखरीत जाडंभरडं खद्दर, चंद्र नव्हता, श्रीखंड नव्हतं, कापड होतं. आणि खालून, उलट्या बाजूने, एक लोंबता धागा बोटाला अडकला.

"मैडम जी? हैलो? नाम?"

शांताराम आले नाहीत. किती लहान वाक्य. आले नाहीत. भरीत मी दुसऱ्या दिवशी फेकून दिलं.

"हैलो... मैडम, आवाज़ आ रही है?"

आवाज येत होता. स्वयंपाकघरात नळ बंद झाला होता, फडकं थांबलं होतं, दाराआड कुणीतरी श्वास धरून उभं होतं, आज किती उकरलं म्हणून विचारू की नको, अशा बेतात. प्रभावतीबाईंनी रिसीव्हर कानाशी तसाच धरला. नाव सांगायचं होतं, एकच नाव, आणि तोंड उघडलेलं होतं.