जपलेला तीळ

या, जरा पुढे सरकून बसा. माझ्या दादाच्या तिळाची गोष्ट सांगतो. मी न्हावी, पण ही गोष्ट सांगताना कात्री खाली ठेवतो.

दादाचे केस सहा वर्षं मीच कापतोय. त्याच्या कानामागे काळा तीळ होता. मशीन तिथं पोचलं की मी श्वास रोखायचो. एकदासुद्धा ओरखडा उठू दिला नाही. "माझ्यापेक्षा त्या तिळालाच जास्त जपतोस," दादा आरशातून चिडवायचा. तीळ पसरत होता, आणि मी आपला भोवती जास्त जागा सोडत होतो.

मग वहिनीला त्याच्या पाठीवरचा डाग खटकला. डॉक्टरांनी काढला, तपासला. त्वचेचा कॅन्सर. कानामागचा तीळही काढला. तोही तसाच निघाला.

"पाठीवरचा कानापर्यंत पसरलेला दिसतोय," डॉक्टर म्हणाले. "तसं असेल तर फार दिवस हाती नाहीत."

सहा वर्षं माझ्या बोटांखाली होता तो!

"छोट्या, तू तर जपलंस रे," दादा म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

आम्ही समोर असतानाच प्रयोगशाळेतून फोन आला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि ते ओशाळून म्हणाले, "जनुकं तपासायला मी पाठीवरचाच तुकडा पाठवला होता. तिथल्या बाई कानामागचाही मागताहेत. म्हणतात, गृहीत कशाला धरायचं? एकाचाच पसारा असेल तर दोन्हींतले बदल जुळतील."

दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो.

डॉक्टरांनी दोन कागद शेजारी ठेवले. "जुळत नाहीत. पाठीवरच्यात एका जनुकात बिघाड, कानामागच्यात दुसऱ्याच. हे दोन वेगळे कॅन्सर आहेत, एकाचा पसारा नाही. दोन्ही कातडीच्या वरच्या थरातच होते, दोन्ही पूर्ण निघालेत."

"म्हणजे?" वहिनीनं विचारलं.

"म्हणजे दर तीन महिन्यांनी तपासायला यायचं. पुष्कळ वर्षं यायचं."

दादा स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एक सोडून दोन-दोन कॅन्सर, आणि ही आनंदाची बातमी?"

मी खुर्चीतच रडायला लागलो.

आता कुणाच्या डोक्यावर तीळ दिसला की मी मशीन बंद करतो, मागे आरसा धरतो आणि म्हणतो, "हे आधी बघा." गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू दे.

त्या बाईंना आम्ही कधी पाहिलं नाही, नावही ठाऊक नाही. तुम्ही देवापुढे हात जोडाल, तेव्हा दुसरा तुकडा मागणाऱ्या त्या माउलीची तेवढी आठवण ठेवा.