मालसुन कोण

हादोंगवालीने लसणाच्या गड्ड्यात सुरी खुपसली आणि त्याच वेळी छपरावरचा कर्णा खरखरला.

गावच्या सभाघरात दहा बायका गोल करून बसल्या होत्या. उद्या साऱ्या गावाची थंडीसाठी कोबीची किमची घालायची होती आणि दोन पोती लसूण अजून सोलायचा होता. जमीन खालून तापवलेली, वर लसणाचा उग्र वास. सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. सरकत्या दारापलीकडे पुरुषांची खोली होती. तिथे कांबळ्यावर फुलांच्या चित्रांचे पत्ते आपटल्याचा आवाज सकाळपासून चालू होता.

कर्ण्यातून सरपंच दोनदा खाकरले.

“ऐका हो, ऐका. किम मालसुन या नावाचं सोलहून रजिस्टर आलंय. पाठवणार... थांबा, चष्मा कुठं गेला... मुलांची कचेरी, दत्तक विभाग. तिसरं आणि शेवटचं, असं वर छापलंय. या किम मालसुन कोण ते मला काही ठाऊक नाही. टपालवाले साहेब माझ्याकडं बसलेत, बाराच्या बोटीनं परत जाणार. जिचं असेल तिनं ओळखपत्र घेऊन यावं. दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत.”

कर्णा बंद झाला. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते.

“मेल्याला काही पोच आहे का,” नाजूवाली म्हणाली. ती चौऱ्याऐंशीची, साऱ्यांत थोरली. “दत्तक म्हणून गावभर ओरडतोय.”

मग बायकांना तोंडं फुटली. टीव्हीवर दाखवतात तसलंच हे, असं एकीचं म्हणणं पडलं. परदेशात दिलेली पोर मोठी होऊन येते, तिला आपली भाषा येत नाही, आणि हातात लहानपणचा फोटो धरून आईला शोधत हिंडते. दुसरी म्हणाली, पण आपल्या बेटावर असं कोण असणार? तिसरीने विचारलं, आणि ही मालसुन तरी कोण?

ते खरोखरच कुणाला माहीत नव्हतं. या गावात बायकांना नावं नव्हती. लग्न होऊन बोटीतून उतरलं की माहेरचं गाव तेच नाव. नाजूची ती नाजूवाली, मुआनची ती मुआनवाली. पोरं झाली की कुणाची तरी आई. चाळीस-पन्नास वर्षं एकाच विहिरीवर कपडे धुतलेल्या बायकांना एकमेकींचं खरं नाव विचारायची कधी गरज पडली नव्हती.

“नावावरून तर नकोशी दिसतेय,” यंगामवाली म्हणाली. “मालसुन म्हणजे शेवटची. मुलीवर मुली झाल्या की बाप कंटाळून ठेवायचा.”

“मग त्यात काय ओळखणार? तसल्या इथं निम्म्या असतील.”

हादोंगवाली मान खाली घालून पाकळ्या सोलत होती. सोललेली पाकळी ती सालपटांत टाकत होती आणि सालपट टोपात. ते लक्षात आल्यावर तिने हळूच हात घालून टोपातलं सालपट काढलं.

पलीकडच्या खोलीत पत्ते आपटायचे थांबले होते.

तिथे तिचा नवरा होता. ग्यूहान. तो तिला इन्चोलची आई म्हणून हाक मारायचा. पण तालुक्याच्या कचेरीत लग्नाची नोंद करताना तिचं नाव त्यानेच आपल्या हाताने लिहिलं होतं. गावात ते नाव माहीत असलेला तो एकटा माणूस होता. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या आधी, बुसानच्या कारखान्यात केसांचे टोप शिवत असताना तिला एक मुलगी झाली होती, हे मात्र तिने त्यालाही कधी सांगितलं नव्हतं. तीन दिवस ती मुलगी तिच्याजवळ होती. चौथ्या दिवशी दवाखान्यातल्या बाईने कागदावर आईचा अंगठा घेतला आणि मुलगी नेली.

पहिलं पत्र आलं ते भर उन्हाच्या दिवसांत. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. टपालवाला नवीन होता. त्याने विचारलं, किम मालसुन इथंच राहतात का, आणि पाठवणाऱ्याचं नावही वाचून दाखवलं. तिने मिरच्यांवरून हात न काढता सांगितलं, त्या नावाचं इथं कुणी नाही. शेजारच्या दोन घरांतही त्याला तेच उत्तर मिळालं, आणि ते खरं बोलत होते. दुसरं आलं तेव्हा तो म्हणाला, आजी, तिसऱ्यालाही कुणी मिळालं नाही तर ती कचेरी फाइल बंद करते, मग शोधणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. असेल कुणी ओळखीचं तर बघा. त्या संध्याकाळी तिने तांदळाच्या पेटीचा खण उघडून आपलं ओळखपत्र शोधलं. सापडलं नाही. खण तिने तीनदा उपसला, आणि शेवटी बरंच झालं असं स्वतःला सांगितलं.

“असं करा,” नाजूवालीने सुरी टोपावर वाजवली. “सगळ्यांनी आपापलं नाव सांगा. माझ्यापासून. मी सुनदोक.”

“सुनदोक! म्हणून चौऱ्याऐंशी झाली. यमाचे दूत नाजूवालीला शोधत हिंडत असतील.”

हसण्याची लाट गोलातून फिरली. पुढची म्हणाली, पिलन्यो. तिच्या पुढची लाजली, तोंडावर हात ठेवून म्हणाली, मला सांगता येत नाही गं, आईशिवाय कुणी हाकच मारली नाही. तिला दोघींनी कोपरं मारली तेव्हा तिने सांगितलं, बुनी. यंगामवालीचं निघालं मालजा, आणि सगळ्या ओरडल्या की जवळ आलं, जवळ आलं. यंगामवाली म्हणाली, मी शेवटची खरी, पण माझ्यानंतर अजून दोघी झाल्या.

हादोंगवाली मोजत होती. मध्ये चारजणी. मग मुआनवाली. मग ती.

दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. ओकजा. जोंगसुक. इथे पडताळून बघणारं कुणी नव्हतं. पण दाराच्या पलीकडे अजूनही पत्ता पडत नव्हता. ते दार कागदाचं होतं.

तीनजणींची नावं झाली. अकरा वाजून गेले होते. चौथीने सांगितलं. आता मुआनवालीची पाळी.

मुआनवाली तोंडाची फटकळ. सकाळपासून तिने सरपंचांच्या टकलापासून नाजूवालीच्या कवळीपर्यंत कुणाला सोडलं नव्हतं. पण कर्णा बंद झाल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती, हे आत्ता हादोंगवालीच्या ध्यानात आलं. मुआनवालीने हात पुसले, गुडघ्यावर जोर देऊन ती उठली.

“मालसुन,” ती म्हणाली. “माझंच असेल ते.”

“तुझं? तू ओकनाम ना? मंगळवारच्या म्हाताऱ्यांच्या शाळेच्या वहीवर लिहून सगळ्यांना दाखवत होतीस की.”

“ते कागदावरचं. घरचं नाव वेगळं होतं.”

ती बाहेर गेली. कळलंय हिला, हादोंगवालीला वाटलं. कसं कोण जाणे, पण हिला कळलंय आणि ही माझ्यासाठी गेली. विधवा बाई, मूल ना बाळ. लोक दोन दिवस बोलतील आणि गप्प बसतील. पत्र येईल, कुठंतरी लपवून ठेवता येईल. तिने मान वर केली. पाकळ्या भराभर सोलू लागली.

पंधरा मिनिटांनी मुआनवाली परत आली. हात रिकामे होते.

“नाही म्हणतो,” ती बसता बसता म्हणाली. “कार्ड बघितलं. म्हणाला, आजी, तुम्ही यांग ओकनाम. घरचं नाव चालत नाही.”

“मग गेलीस कशाला तंगडतोड करायला?”

“सरपंचांकडचा चहा प्यायला.”

हसू झालं. कुणीतरी कोबीचा विषय काढला, यंदा पानं पातळ आहेत म्हणून. मुआनवालीने सुरी उचलली. सुरीचं टोक पाकळीवरून दोनदा घसरलं.

“खोटं नाव सांगितलं होतं मी,” ती खालच्या आवाजात म्हणाली. शेजारी हादोंगवाली होती म्हणून तिला ऐकू आलं. मुआनवाली बोलत होती ती लसणाशी. “मोक्पोच्या दवाखान्यात. भावाला कळू नये म्हणून. जिभेवर आलं ते सांगितलं. आता कुठलं सांगितलं तेच आठवत नाही.”

हादोंगवालीचा हात थांबला.

“दर मंगळवारी मी शाळेत जाते ती त्यासाठीच, वेगवेगळी नावं लिहून बघते. लिहिताना आठवेल म्हणून. आज वाटलं, मालसुनच असेल. त्या काळी दर दुसरी मालसुन असायची.” तिने पाकळी टोपात टाकली. “मुलगा होता. शोधतही असेल. पण कुणाला शोधत असेल, कोण जाणे.”

मग ती नाक ओढून मोठ्याने म्हणाली की या लसणाने डोळ्यांची वाट लावली.

घड्याळात साडेअकरा झाले होते. धक्क्यावर बोटीचा पहिला भोंगा वाजला.

“अगं, हादोंगवाली राहिली की,” नाजूवाली म्हणाली. “तुझं काय नाव?”

हादोंगवालीने सुरी खाली ठेवली. आधी पातं आपल्याकडे होतं, ते तिने फिरवून भिंतीकडे केलं.

“मालसुन,” ती म्हणाली.

कुणी हसलं नाही.

“किम मालसुन. ते पत्र माझं आहे. आधीची दोन मीच परत लावली.”

यंगामवालीचा हात टोपातच राहिला. पिलन्यो दाराकडे बघून पटकन खाली बघू लागली. नाजूवालीने पदर झटकावा तसा मांडीवरचा फडका झटकला.

“मग बसून काय राहिलीस? बोट काय तुझ्या सासऱ्याची आहे?”

हादोंगवाली उठली. पायाला मुंग्या आल्या होत्या. तिने मुआनवालीच्या खांद्याला धरलं, आधारासाठी, आणि हात तिथेच ठेवला.

“चल,” ती म्हणाली. “मला वाचता येत नाही.”

मुआनवाली बसल्या जागेवरून वर बघत राहिली. तिला समजायला वेळ लागला. दुसरीला आलेलं पत्र आपण वाचून दाखवायचं, हे समजलं तेव्हा तिचा चेहरा क्षणभर कठीण झाला. हादोंगवालीला वाटलं, ही आता हात झटकून टाकणार.

“मी अजून अडखळते वाचताना,” मुआनवाली म्हणाली.

“अडखळत वाच.”

बाहेर जायची वाट पुरुषांच्या खोलीतून होती. हादोंगवालीने दार सरकवलं. चार म्हातारे कांबळ्याभोवती बसले होते आणि चौघांचेही पत्ते हातात होते. तिघांनी तिच्याकडे बघितलं, मग छताकडे. ग्यूहानची पाठ तिच्याकडे होती.

“इन्चोलचे बाबा,” ती म्हणाली. ओळखपत्र हरवलंय, एवढंच तिला आठवलं आणि ते आत्ता सांगण्यासारखं नव्हतं.

ग्यूहानने हातातले पत्ते उलटे करून खाली ठेवले. जाकिटाची चेन अर्धी उघडून त्याने आतल्या खिशात हात घातला, आणि कांबळ्यावर पडलेल्या फुलांच्या पत्त्यांमध्ये आणखी एक पत्ता ठेवला. त्यावर तिचा फोटो होता, दहा वर्षांपूर्वीचा, केस नुकतेच कुरळे करून घेतलेले. दोन बोटांनी त्याने तो मागे, तिच्या दिशेला सरकवला.

“मिरच्या वाळत घालत होतीस आणि टपालवाला नाव विचारत होता, तेव्हापासून माझ्याकडं आहे,” तो म्हणाला. त्याने मान वळवली नाही.

तिने विचारायला तोंड उघडलं. कशासाठी, हे विचारायचं होतं. मग तिने ते मिटलं.

“डाव तुझा आहे, ग्यूहान,” समोरचा म्हातारा हळूच म्हणाला.

त्याने पत्ते उचलले, हातात नीट लावले, पण टाकला एकही नाही. मुआनवाली बाहेर उंबऱ्याशी बसून दोघींच्या रबरी चपलांचे जोड वेगळे करत होती. हादोंगवाली वाकली आणि तिने कार्ड उचललं. ते गरम होतं.